फ्रीमाँटमधील एक अफगाण उपाहारगृह: नाव न देता लिहिलेला अभिप्राय

या उपाहारगृहाचे नाव मी देणार नाही, आणि त्याचा तिथल्या जेवणाशी काहीही संबंध नाही. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल भागात, ज्याला इथले लोक कितीतरी वर्षांपासून 'लिटल काबूल' म्हणतात, तिथे ते आहे. अभिप्राय लिहू का, असे विचारल्यावर मालकांनी एकच विनंती केली: दुकानाचे नाव नको आणि भट्टीवरच्या माणसाचे तर नकोच.

त्या माणसाच्या नानसाठीच तिथे जावे. तो कणकेचा गोळा थापतो, बोटांच्या टोकांनी त्यावर उभ्या रेघा ओढतो, कलौंजी भुरभुरतो आणि ताणून हातभर लांब केलेला तो नान तंदुरीत चिकटवतो. खाकी कागदात गुंडाळून मिळालेला नान आमच्या घरापर्यंत अख्खा कधीच पोहोचलेला नाही. मंतू म्हणजे मोदकाचा सामिष चुलतभाऊ: पातळ पारीत कांदा-खिम्याचे सारण भरून वाफवलेला, वर लसणीचे दही, डाळीचा दाटसर रस्सा आणि सुका पुदिना. आमच्या आईने तो पाहून "कळ्या नीट पडल्या नाहीत" असा शेरा मारला होता. शाकाहाऱ्यांनी बटाट्याची किंवा गंदन्याच्या (कांद्याच्या पातीसारखी भाजी) पातीची बोलानी, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, आणि दह्यातले वांगे मागवावे. काबुली पुलावातले मटण बाजूला काढून भागत नाही, कारण भातच मटणाच्या रश्शात शिजतो. शनिवारी संध्याकाळी पाऊण तास ताटकळावे लागते, आणि हिरवा चहा दोनदा कोमट आला.

आता नाव न देण्याचे कारण: नानवाल्याचा इथला मुक्काम अधांतरी आहे. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले तेव्हा अमेरिकेने सुमारे 76,000 अफगाणांना इथे आणले. त्यांतील बहुतेकांप्रमाणे हा नानवालाही 'ह्युमॅनिटेरियन पॅरोल'वर आला. पॅरोल म्हणजे दोन वर्षांच्या मुक्कामाची परवानगी. तिच्यातून ग्रीन कार्डाकडे जाणारी वाट आपोआप निघत नाही. आपल्या इथल्या मराठी माणसांपैकी अनेक जण ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे आहेत आणि दर महिन्याला तारीख किती सरकली ते पाहतात. पण लांब का होईना, ती रांग आहे. नुसत्या पॅरोलवाल्याला उभे राहायला रांगच नाही.

अमेरिकी फौजेबरोबर काम केलेल्यांसाठी वेगळा व्हिसा होता, परंतु त्यासाठी नोकरीचा लेखी पुरावा लागत असे. हा माणूस एका अमेरिकी कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होता आणि तालिबान शहरात शिरले त्या रात्री त्याने ती सगळी कागदपत्रे चुलीत घातली. "कागद ठेवले असते तर मी जिवंत राहिलो नसतो," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. पुढे पॅरोलची मुदत वाढली आणि 'तात्पुरता संरक्षित दर्जा'ही मिळाला, पण अफगाणांसाठीचा तो दर्जा सरकारने 14 जुलै 2025 रोजी संपवला. उरला आश्रयाचा अर्ज. नोव्हेंबर 2025 मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळीबार झाला, संशयित अफगाण निघाला, आणि त्यानंतर अफगाणांच्या अर्जांवरचे कामच थांबवण्यात आले.

गोळीबार भीषण होता आणि लोकांची भीती मी खोटी ठरवत नाही. पण पॅरोलवरच्या अफगाणांना ग्रीन कार्डाची वाट देणारे 'अफगाण अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्ट' हे विधेयक 2022 मध्ये दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून मांडले आणि 2023 मध्ये पुन्हा मांडले, तेव्हा त्यात कायमच्या दर्जाआधी प्रत्येकाची नव्याने छाननी करण्याची तरतूद होती. ज्यांना छाननीची काळजी आहे, त्यांनीच खरे तर या कायद्याचा आग्रह धरायला हवा. माणसांना अधांतरी ठेवून कोणाचीच तपासणी होत नाही. असे कायदे अमेरिकेला नवेही नाहीत. क्यूबातून आलेल्यांसाठी 1966 मध्ये आणि व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून आलेल्यांसाठी 1977 मध्ये काँग्रेसने अशीच वाट काढून दिली होती. जे काम तेव्हा जमले, ते आज अडण्याचे सबळ कारण मला अजून कोणी सांगितलेले नाही.

म्हणून या भागात राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा कायदा व्हावा म्हणून आपल्या प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरांना लिहावे. मतदार असाल तर तसे पहिल्याच ओळीत सांगावे. मी तीन पत्रे पाठवली, त्यांपैकी दोनांना एकच छापील उत्तर आले. चौथे लिहून तयार आहे.

दोघांचे पोटभर जेवण 50 डॉलरच्या आसपास होते. गाडी मागच्या बाजूला लावता येते. नान चारनंतर घ्यावा, तेव्हा भट्टी चांगली तापलेली असते. कायदा झाला की दुकानाचे नाव याच जागी लिहीन. मालकांची त्याला परवानगी आहे.