नीटमध्ये मार्क अधेमधे आलेत: रिपीट, बीएएमएस, प्रायव्हेट एमबीबीएस की परदेश?

भाचीचा नीटचा निकाल लागला त्याच रात्री ताईचा फोन आला. सरकारी एमबीबीएससाठी आमच्या कॅटेगरीचा गेल्या वर्षीचा कटऑफ जिथे थांबला होता त्याच्या चाळीसेक मार्क खाली ही. घरात प्रत्येकाचं मत वेगळं, भाऊजी म्हणतात शेत विकू पण प्रायव्हेटला घालू, आजी म्हणते बीएएमएस (आयुर्वेदाची डिग्री) कर आणि गावात दवाखाना टाक, एका एजंटने तर दुसऱ्या दिवशी घरी येऊन जॉर्जियाचं ब्रोशर ठेवलं. मी स्वतः एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस, एक वर्ष लातूरला रिपीट मारून एमबीबीएसला लागलेला. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण ऑगस्टमध्ये हाच प्रश्न घरोघरी असतो.

आधी रिपीटचं बघू. तिची मार्कलिस्ट हातात घेतली आणि टोटल बाजूला ठेवून विषय बघितले. बायोलॉजी 90 प्रश्न म्हणजे 360 मार्क, त्यात तिला 310 च्या वर. फिजिक्स 45 प्रश्न, 180 मार्क, त्यात जेमतेम 60. बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला वजा 1, म्हणजे चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की 5 मार्कांचा फरक पडतो, चाळीस मार्क म्हणजे आठ प्रश्न झाले. आठ प्रश्नांसाठी एक वर्ष द्यायला मी हो म्हणेन. पण हेच बायोलॉजी 220 आलं असतं, एनसीईआरटी दोनदा वाचूनसुद्धा, तर मी नको म्हटलं असतं, कारण मग घोडं एका विषयापाशी अडलेलं नाही, सगळाच पाया कच्चा आहे. परीक्षा किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही आणि हीच गोष्ट खूप मुलांना खाते. दुसरा ड्रॉप (म्हणजे रिपीटसाठी घेतलेलं वर्ष), तिसरा ड्रॉप, खोलीत चौघं, मेसचा डबा, अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत, आणि घरी फोनवर सगळं ठीक आहे म्हणायचं. माझ्या रूममध्ये असा एक जण होता, हुशार होता, तिसऱ्या वर्षी तो आमच्याशी बोलेनासा झाला. म्हणून माझं मत एकच वर्ष, आणि तेही कुठल्या विषयात किती वाढवायचेत ते कागदावर लिहून.

आता बीएएमएस, यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. कोर्स साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, एमबीबीएसइतकाच. दोन्हीला नीटच, आणि राज्यातल्या बहुतेक कॉलेजांना विद्यापीठही नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच. पण आत गेल्यावर पहिल्याच वर्षी संस्कृत, पदार्थविज्ञान (हे फिजिक्स नाही, दर्शनशास्त्र आहे), संहिता म्हणजे आयुर्वेदाचे मूळ ग्रंथ. ज्या मुलाला हे वाचताना मजा येते तो चांगला वैद्य होतो, माझा मावसभाऊ तसा आहे, पंचकर्म करतो, सांधेदुखीचे आणि जुनाट पोटाचे पेशंट मीच त्याच्याकडे पाठवतो आणि छातीत दुखणारे तो माझ्याकडे. ज्याला हे नको आहे आणि फक्त नावापुढे डॉक्टर लावायचंय त्याची साडेपाच वर्षं मनाविरुद्ध जातात. कामाचं म्हणाल तर काम भरपूर आहे, खाजगी हॉस्पिटलात रात्रपाळीचे आरएमओ (हॉस्पिटलात राहून वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर), 108 ॲम्ब्युलन्सवरचे डॉक्टर, उपकेंद्रावरचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), शाळा-अंगणवाडीत मुलं तपासणारी टीम, या सगळ्यात बीएएमएसच जास्त दिसतात आणि गावाकडची आरोग्यव्यवस्था खरंच त्यांच्या खांद्यावर उभी आहे. पण आरएमओला पगार बहुतेक ठिकाणी कमी आणि जबाबदारी मोठी, हेही बघून घ्या. ॲलोपॅथीची औषधं लिहायची का, किती लिहायची, यावर महाराष्ट्रात 1992 ची अधिसूचना आहे आणि तिच्यावर वादही चालूच आहेत, आयुष्यभराची प्रॅक्टिस त्या एका गोष्टीवर उभी करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढे एमडी करायचं तर ते आयुर्वेदातलं, म्हणजे कायचिकित्सा (आयुर्वेदातलं मेडिसिन) वगैरे. एमडी मेडिसिन करून फिजिशियन व्हायचंय तर तो रस्ता इथून जात नाही. भाचीला फिजिशियनच व्हायचंय, म्हणून तिच्यापुरता हा पर्याय मी बाजूला काढला, बीएएमएस कमी आहे म्हणून नाही.

प्रायव्हेट एमबीबीएस, डिग्री तीच, रजिस्ट्रेशन तेच, फरक पैशाचा आणि पेशंटचा. सरकारीला वर्षाला साधारण एक-दीड लाख फी, प्रायव्हेटला साधारण 7 पासून 15 लाखांपर्यंत, डीम्डला (अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजांना) 20 च्या पुढे, होस्टेल-मेस वेगळं. मुलगी असेल, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असेल आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 2024 चा फी माफीचा जीआर आधी वाचा, डीम्डला तो नाही. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, सकाळी दहा वाजता ओपीडीत जाऊन उभे राहा, रांग आहे का बघा. जिथे वॉर्ड रिकामे तिथे मुलगा शिकणार कुणावर? आणि शेत विकून तर अजिबात नको, कारण एमबीबीएसवर कुणी थांबत नाही, पुढे नीट पीजी, तीन वर्षं एमडी, आणि तेव्हा हातात परत पैसा लागतोच.

परदेश. इथे एजंट जे सांगत नाहीत ते सांगतो. इथे परत येऊन प्रॅक्टिस करायची तर 2021 च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान 54 महिन्यांचा, इंग्रजीतून, एकाच कॉलेजातून पूर्ण झालेला पाहिजे, तिथेच 12 महिने इंटर्नशिप पाहिजे, त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन्स मिळण्याजोगी डिग्री पाहिजे. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी डिग्रीवाल्यांची पात्रता परीक्षा, पास व्हायला 300 पैकी 150 मार्क, आणि बहुतेक सत्रांत तिघांत एकसुद्धा पास होत नाही. त्यानंतर इथे पुन्हा 12 महिने इंटर्नशिप. म्हणजे सात वर्षं धरूनच चाला. शिवाय लेक्चर इंग्रजीत असलं तरी कॉटवरचा पेशंट त्याच्या भाषेत कण्हतो, मग हिस्ट्री घ्यायला, म्हणजे पेशंटला विचारून आजार समजून घ्यायला, मुलं कशी शिकणार? 2022 ला युक्रेनमधून मुलं कशी परत आली ते आपण सगळ्यांनी बघितलं. चांगली शिकून आलेली मुलं माझ्या ओळखीत आहेत, पण ती पहिल्या वर्षापासून एफएमजीईचा अभ्यास करत होती. कर्ज काढून जाणार असाल तर माझं उत्तर नाही.

वेळेचा हिशोबही आधीच घालून ठेवा. सरकारीतून पास झाल्यावर एक वर्ष बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा), पण त्यापासून पळू नका, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एकट्याने काढलेली रात्र जे शिकवते ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही. मग पीजीची तयारी, एमडी, त्याचा पुन्हा बॉण्ड, फिजिशियन म्हणून पाटी लागेपर्यंत तिशी येते. बरोबरीची इंजिनिअर झालेली मुलं तोवर फ्लॅटचे हप्ते फेडत असतात, हे घरच्यांना आत्ताच माहीत पाहिजे.

भाचीला मी फॉर्म भरायच्या आधी दोन दिवस ओपीडीत बसवलं. एक आजोबा आले, पाय सुजलेले, मी नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि तसाच राहिला. संध्याकाळी तिने विचारलं, मामा, तो खड्डा बघून काय कळलं? मी म्हटलं, हार्ट असेल, किडनी असेल, लिव्हर असेल, नाहीतर बीपीची ॲम्लोडिपिनची गोळीसुद्धा पाय सुजवते. रिपीट करायचं, एकच वर्ष, हे तिने ताईला जेवतानाच सांगून टाकलं होतं. रात्री चारही कारणं वहीत उतरवून झाली आणि मग पाचवं काय असू शकतं ते विचारायला ती खाली आली.