लॉ स्कूलच्या अर्जाची सल्लागार: ‘हे लिहू नका’ सांगण्याचे पैसे

लेकीच्या जेडीच्या (अमेरिकेतली वकिलीची पदवी) अर्जांसाठी आम्ही तासावर पैसे घेणाऱ्या एका सल्लागार बाईंना गाठलं. पूर्वी त्या एका लॉ स्कूलमध्ये अर्ज वाचायचं काम करायच्या. पुढे थोडी तक्रारही आहे, म्हणून नाव देत नाही.

आमचं कोडं असं: कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, फॉल सेमिस्टरला, लेकीला दोन सी आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीत चक्क डी. तेव्हा ती प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जायच्या तयारीत होती. त्याच सेमिस्टरला माझं ऑपरेशन झालं. हे अर्जासोबत वेगळ्या पानावर, अ‍ॅडेन्डम म्हणतात त्यात, लिहायचं का? माझं मत, सगळं लिही. लेकीचं म्हणणं, “आई, तुझं ऑपरेशन मी माझ्या ग्रेडसाठी वापरू?”

बाईंनी आमच्या वादात न पडता आधी एलसॅकचा, म्हणजे लॉ स्कूलचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट उघडायला लावला. कॉलेजचा जीपीए (ग्रेडची सरासरी) काहीही असो, एलसॅक तो आपल्या पद्धतीने नव्याने काढतं. लेकीने ऑरगॅनिक परत घेऊन बी मिळवला होता आणि कॉलेजने डी सोडून दिला होता. पण ट्रान्सक्रिप्टवर दोन्ही ग्रेड दिसत होते, म्हणून एलसॅकने दोन्ही मोजले. याचा खुलासा करायला लेक निघालीच होती. बाई म्हणाल्या, अर्ज वाचणाऱ्यांना हे पाठ असतं, शब्द वाया घालवू नका. पहिल्या वर्षीचा कॅल्क्युलसचा सी? सोडा. एलसॅट या प्रवेश परीक्षेचा पहिला कमी आलेला स्कोअर? दुसरा चांगला आहे ना, मग सोडा.

ऑपरेशनबद्दल मात्र लिहा म्हणाल्या. कारण बाहेरून आलेलं, कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते सांगता येतं, आणि संपल्यावर ग्रेड वर गेलेले दिसतात. केमिस्ट्री झेपली नाही याला मात्र खुलासा नसतो, ते ट्रान्सक्रिप्टच सांगतो.

माझ्या मसुद्यात हॉस्पिटल होतं, सासूबाईंचा न आलेला व्हिसा होता, ‘दुर्दैवाने’ दोनदा होतं. बाईंनी सपासप काट मारली. उरलं ते साधारण असं: ऑक्टोबरात आईचं ऑपरेशन झालं. डिसेंबरपर्यंत मी आठवड्यातले तीन दिवस घरी राहून तिच्याकडे बघत होते. त्या सेमिस्टरच्या ग्रेडवर त्याचा परिणाम झाला. जानेवारीपासून आई बरी आहे, पुढचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर आहेत. बस. (व्हिसाचं वाक्य राहायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. सासूबाई आल्या असत्या तर लेकीला दर आठवड्याला यावंच लागलं नसतं!)

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. कॉपी, प्रोबेशन, सस्पेन्शन यांबद्दल अर्जात विचारलं असेल, तर तिथे ‘लिहू का नको’ हा प्रश्नच नाही, सांगावंच लागतं. लपवलं तर पुढे वकिलीचा परवाना देताना होणाऱ्या बारच्या चौकशीत तेच उकरलं जातं. प्रत्येक शाळेचा प्रश्न वेगळ्या शब्दांत असतो, तो नीट वाचायचा.

आता तक्रार. नोव्हेंबरात ईमेलला उत्तर येईना, आणि आलं की सोबत मोठ्या पॅकेजची जाहिरात. निबंध तपासायचं ते महागडं पॅकेज अजिबात घेऊ नका, ते काम कॉलेजचे प्री-लॉ अ‍ॅडव्हायजर फुकट करतात. लेकीला प्रवेश मिळाला, पण तो या पाच ओळींमुळे की एलसॅटमुळे, कोण सांगणार? माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

अर्धा तारा कापला तो माझ्या पुण्याच्या भाच्यापायी. तोही जेडीला अर्ज करतोय. तो बीकॉम, एका विषयात एटीकेटी लागलेली. भारतातल्या डिग्रीला एलसॅक आकड्यातला जीपीए देत नाही, नुसती श्रेणी देतं, हेही बाईंना शोधून बघावं लागलं. एटीकेटी म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा केलं असा त्यांचा समज झाला. त्यांना तसं वाटलं तर अर्ज वाचणाऱ्यालाही वाटणार. म्हणून भाचा आता त्यावर दोन ओळी लिहितोय: वर्ष वाया गेलं नाही, पुढच्या वर्गात बसूनच तो पेपर सोडवला.