‘स्पर्श’ पोर्टल वर्षभर वापरल्यावर: स्लिप नंतर, आधी बायकोच्या नावाची ओळ उघडा

‘स्पर्श’ हे संरक्षण दलांतल्या पेन्शनरांचं सरकारी पोर्टल. ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी: पेन्शन वेळेवर जमा होते, स्लिप आणि फॉर्म सोळा घरबसल्या निघतात, हयातीचा दाखला मोबाइलवरून जातो. एवढ्या कामांना ‘स्पर्श’ला पाचपैकी चार. दुरुस्तीच्या कामांना दोन. पण ते दोन सगळेच्या सगळे पोर्टलच्या माथी मारता येत नाहीत, ते पुढे येईलच.

पूर्वी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) बँकेकडे असायचा आणि हिशेब बँकेचा पेन्शन कक्ष करायचा. आता प्रयागराजचं संरक्षण लेखा पेन्शन कार्यालय थेट खात्यात पैसे टाकतं, बँक फक्त खातं सांभाळते. त्यामुळे ‘पेन्शन कमी का आली’ हा प्रश्न शाखेच्या खिडकीवर विचारून उपयोग नाही, त्यांच्या स्क्रीनवर फक्त जमा रक्कम दिसते. जुने पेन्शनर ‘स्पर्श’वर आणताना जुनी नोंद जशी होती तशी आली, चुकांसकट. फरक एवढाच की ती नोंद आता आपल्याला दिसते.

पहिल्यांदा लॉगिन केलं की पोर्टल आपली माहिती पुढे ठेवतं आणि बरोबर आहे का विचारतं. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. सेवा केंद्रातला पोरगा पटापट ‘बरोबर’ म्हणत पुढे जातो आणि चुकीच्या नोंदीवर आपलीच मोहोर बसते. घाई करू नका. डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ, नंतर आलेले सगळे करिजेंडम (दुरुस्तीचे) पीपीओ, स्वतःचं आणि बायकोचं आधार, पॅन आणि पासबुक समोर पसरून एकेक रकाना ताडून बघा. हुद्दा, ग्रुप (एक्स, वाय, झेड) आणि अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरलेली नोकरीची वर्षं) हे तीन रकाने विशेष जपून, कारण वन रँक वन पेन्शनचे (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) तक्ते याच तीन गोष्टींवर चालतात. १ जुलै २०१४ ला ती लागू झाली आणि दर ५ वर्षांनी, म्हणजे १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून, दर बदलले. शेजारच्या त्याच हुद्द्याच्या माणसाला जास्त मिळतात अशी कुरकुर असेल तर आधी हे तीन रकाने बघा, मग भांडा.

आता शीर्षकातली गोष्ट. आपल्याकडे बाईचं नाव किती ठिकाणी किती तऱ्हेने लिहिलं जातं ते बघा. लग्नानंतर जवानाने पलटणीत कळवलं तेव्हा पार्ट टू ऑर्डरमध्ये (कुटुंबाची नोंद करणारा लष्करी आदेश) ‘सुनंदा’ लागलं. आधारवर ‘सुनंदाबाई’, नवऱ्याचं नाव, आडनाव. बँकेत आडनाव आधी. काहींच्या जुन्या कागदांत माहेरचं नावच राहिलेलं असतं. जन्मतारखेचं तर विचारूच नका: शाळेचा दाखला नसेल तर पीपीओत तो रकाना कोराच, आणि आधारवर १ जानेवारी. नवरा हयात असेपर्यंत यातलं काहीच अडत नाही, म्हणून कुणी लक्षही देत नाही. तो गेल्यावर मात्र कुटुंब निवृत्तिवेतन नेमकं याच ओळीवर अडतं, आणि तेव्हा ‘सुनंदा आणि सुनंदाबाई एकच’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या बाईवर येते.

दुरुस्ती पेन्शनर हयात असताना करणं कितीतरी सोपं. कारण तेव्हा त्याच्या स्वतःच्या सहीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र चालतं. पोर्टलवर प्रोफाइलमध्ये बदल मागितला तरी नाव, जन्मतारीख, नातं यांचा निर्णय प्रयागराज एकट्याने घेत नाही, पडताळणी रेकॉर्ड ऑफिसकडूनच, म्हणजे आपल्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडूनच होते. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, महार रेजिमेंटचं सागर. म्हणून दोन्ही दोऱ्या एकदम ओढा: पोर्टलवर विनंती टाका आणि त्याच दिवशी रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा. सोबत दोघांच्या आधारची प्रत, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान आणि असेल तर लग्नाचा दाखला. पोर्टलच्या विनंतीचा क्रमांक अर्जाच्या डोक्यावर लिहा. कागद जुळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. आधार बदलून पीपीओशी जुळवायचं की पीपीओ बदलून आधारशी? नुसता स्पेलिंगचा किंवा ‘बाई’चा फरक असेल तर पॅन, बँक, आधार सगळीकडे जे सारखं आहे ते ठेवा आणि जो एक कागद वेगळा पडतोय तोच बदला. दोन्हीकडे एकदम हात घातला की तिसराच घोळ होतो.

बायकोची जन्मतारीख कोरी राहिली तर आणखी एक तोटा होतो. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला पूर्ण १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू आहे आणि ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या १ तारखेपासून. पण तारीखच नसेल तर संगणक मोजणार काय?

स्लिप वाचताना एक गोष्ट हमखास चुकते. समजा मूळ पेन्शन २४,००० आणि कम्युटेशनमध्ये (एकरकमी पैसे घेऊन) विकलेला भाग १०,०००. महागाई सवलत २४,००० वर मिळाली पाहिजे, उरलेल्या १४,००० वर नाही. कॅल्क्युलेटर काढून एकदा गुणाकार करा. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. कपात कोणत्या तारखेला सुरू झाली ते आजच डायरीत लिहून ठेवा आणि तो महिना उजाडला की स्लिपमधली कपातीची ओळ गेली का बघा. वैद्यकीय भत्त्याचे १,००० रुपये दिसत असतील आणि तुम्ही ईसीएचएसचे (माजी सैनिकांची आरोग्य योजना) सभासद असाल तर खूश होऊ नका. दोन्ही एकत्र मिळत नाहीत, पुढे वसुली लागते.

कर: काहीच कळवलं नाही तर नवी करप्रणाली धरली जाते. पॅन नसेल किंवा आधारशी जोडलेलं नसेल तर कपात चढ्या दराने होते.

हयातीचा दाखला हा पोर्टलचा सगळ्यात चांगला भाग, आणि त्यातही एक खाच आहे. जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहरा दाखवून दाखला काढता येतो, त्यासाठी आधार फेस आरडी हे दुसरं ॲपही लागतं. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. चष्मा काढा, खिडकीकडे तोंड करा, पाठीमागे उजेड नको. शेतात राबलेल्या हातांचे ठसे मशीनवर उठत नाहीत, तिथे चेहरा हाच सोपा मार्ग. खाच आहे ती पर्यायांत. ‘मंजुरी देणारं कार्यालय’ विचारलं की लष्करवाल्यांनी प्रयागराजचं (यादीत अजून अलाहाबाद असं लिहिलेलं दिसेल), नौदलवाल्यांनी मुंबईचं आणि हवाई दलवाल्यांनी दिल्लीच्या सुब्रतो पार्कचं कार्यालय निवडायचं. ‘पेन्शन देणारी संस्था’ मात्र तिघांचीही ‘स्पर्श’. सवयीने तिथे बँक निवडली की दाखला बँकेकडे जातो, प्रमाण क्रमांकाचा एसएमएसही येतो, आपण निर्धास्त होतो आणि ‘स्पर्श’च्या लेखी आपण दाखला दिलेलाच नसतो. पीपीओ क्रमांकही नवा, १२ आकडी टाकायचा. तिरक्या रेघांचा जुना नाही. एसएमएस आला म्हणजे काम झालं असं धरू नका. दोन-चार दिवसांनी लॉगिन करून दाखला स्वीकारल्याची नोंद बघा. बाईला स्वतःच्या नोकरीची पेन्शन आणि नवऱ्यामागची कुटुंब पेन्शन अशा दोन असतील तर दाखलेही दोन लागतात.

मोबाइल ज्यांना जमत नाही त्यांनी ‘स्पर्श’ सेवा केंद्र, सीएससी (सरकारी सामायिक सेवा केंद्र) किंवा करार केलेल्या बँकेच्या शाखेत जावं. ही सेवा पेन्शनरला फुकट आहे, खर्च संरक्षण लेखा विभाग सोसतो. कुणी पन्नास-शंभर मागितले तर द्यायचे नाहीत. आणि पासवर्ड लिहिलेला कागद टेबलावर सोडून यायचं नाही, हेही सांगावं लागतं.

तक्रार यंत्रणा हा दुबळा भाग. ‘माझी पेन्शन कमी आहे, कृपया लक्ष घालावे’ असं लिहिलं तर मोघम उत्तर येऊन तक्रार बंद होणार, यात नवल नाही. एका तक्रारीत एकच मुद्दा घ्या: ‘पीपीओत सेवा १७ वर्षे, पोर्टलवर १५, पान २ ची प्रत जोडली आहे.’ तरीही न सुटता बंद झाली तर आधीचा क्रमांक देऊन नव्याने टाका, मग केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर. रक्षा पेन्शन समाधान आयोजन (पेन्शनच्या तक्रारींचा मेळावा) जवळपास भरत असेल तर कागद घेऊन स्वतः जा, समोरासमोर बसल्यावर गुंता लवकर सुटतो.

नोंदवलेला मोबाइल क्रमांक कुणाचा आहे हेही बघा. बहुतेक घरांत तो मुलाचा असतो आणि मुलगा परगावी. ओटीपी त्याच्याकडे, कागद इथे.

पेन्शनर वारल्यावर लगेच करायचं काम: मृत्यूची नोंद पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून, मृत्यूचा दाखला, बायकोचं आधार, पॅन आणि पासबुक जोडून. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव नगरपालिका किंवा ग्रामपंचायत लिहील ते मुकाट्याने घेऊ नका, पीपीओप्रमाणे करून घ्या. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन त्याची, दुसऱ्या दिवसापासून कुटुंबाची. कळवायला उशीर झाला आणि नेहमीची रक्कम जमा होत राहिली तर ती खर्चू नका, परत वळती होते. सर्वसाधारण कुटुंब पेन्शन सुरुवातीला वाढीव दराने मिळते: ७ वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणजे ६३ व्या वर्षी गेला तर वाढीव दर सुमारे ४ वर्षंच. त्यानंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. हा उतार आला की ‘पेन्शन कापली’ म्हणून धावपळ होते, म्हणून ती तारीख बाईला आधीच सांगून ठेवावी.

घरात अपंग मूल असेल तर त्याचं नाव कुटुंबाच्या यादीत आई-बाप हयात असतानाच, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासह चढवून घ्या. त्याला पेन्शन आयुष्यभर मिळू शकते, पण ते रेकॉर्ड ऑफिसला नंतर कळवणार कोण?