आकारांच्या गोष्टीचं खिडक्यांचं पुस्तक: बालवाडीत काही महिने वापरल्यावर

जाड पुठ्ठ्याची पानं आणि पानोपानी आकार कापून केलेल्या खिडक्या. गोष्ट साधी आहे. उंदरीणबाई सामानाचं गाठोडं घेऊन नवं घर शोधते आणि प्रत्येक घराचं दार वेगळ्या आकाराचं निघतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी हे पुस्तक जरूर घ्यावं. पण नुसतं वाचून दाखवलं तर मुलं आकाराऐवजी रंग शिकतात.

पुस्तकात त्रिकोण कायम लाल, गोल पिवळा आणि चौकोन निळा आहे. काही दिवसांनी लाल वाटीलाही मुलं ‘त्रिकोण’ म्हणतात. यावर उपाय स्वस्त आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर खिडक्या पेन्सिलीने गिरवा आणि सगळे तुकडे एकाच रंगाच्या पत्रिकांतून कापा. आधी खिडकीत नेमके बसणारे तुकडेच द्या. लहान त्रिकोण चौकोनी दारातूनही आरामात आत जातो, आणि मुलं हे लगेच पकडतात. लहान-मोठी मापं नंतर आणा.

सगळ्यात मोठी उणीव पुढे आहे. पुस्तकातला प्रत्येक त्रिकोण तळावर बसलेला, टोक वर असलेला, तिन्ही बाजू सारख्या. त्यामुळे टोक खाली असलेला किंवा लांबट, कलता त्रिकोण दाखवला की मुलं मान हलवतात. चौरस कोनावर उभा केला की तो ‘पतंग’ होतो. या वयात मूल आकार एकंदर रूपावरून ओळखतं, बाजू आणि कोपरे मोजून नाही. पिएर आणि डिना व्हॅन हीले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये मांडलेल्या भूमिती समजण्याच्या पातळ्यांतली ही पहिलीच. म्हणून वाचताना पुस्तकच फिरवा. आडवं धरा, उलटं धरा, दर वेळी विचारा, ‘आता कोणतं दार?’ खिडकीच्या कडेवरून बोट फिरवू द्या आणि कोपरा आला की टाळी. तीन टाळ्या झाल्या की पुस्तक कसंही धरा, तो त्रिकोणच.

पहिल्या वाचनात आकारांची नावं सांगू नयेत, गोष्ट रंगू द्यावी. दुसऱ्या वाचनात टाळ्या, तिसऱ्यात तुकडे. एका वेळी पाच-सहाच मुलं बसवा. जास्त झाली तर मागच्यांना खिडकी दिसत नाही आणि पुढची मुलं पुस्तक ओढतात.

पुस्तक मिटल्यावर काड्यांचा खेळ घ्यावा. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, दीड-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा आणि गूल खरवडून काढलेल्या काडेपेटीच्या काड्या दोन्ही बाजूंनी आत सरकवा. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे हा सांधा अनेक शिक्षकांना माहीत आहे. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चौरस मात्र कलंडतो. असं का होतं ते समजावत बसू नका, मुलांना दाबून पाहू द्या. ट्यूबचे तुकडे तोंडात जाऊ शकतात, त्यामुळे जोडणी मोठ्यांनीच करावी आणि खेळ संपला की तुकडे मोजून डब्यात ठेवावेत.

‘मुलाला त्रिकोण काढता येत नाही, म्हणजे पुस्तकाचा उपयोग नाही’ ही पालकांची नेहमीची तक्रार. ती बरोबर नाही. पाहून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, चौकोन चौथ्या आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास, कारण तिरप्या रेषेवर हाताचा ताबा उशिरा येतो. आकार कळला का, हे तुकडे वेगळे करायला सांगून तपासावं. त्यात दोन फसवे तुकडे जरूर मिसळा: एक बाजू वाकडी असलेला ‘त्रिकोण’ आणि एका कडेला तोंड उघडं असलेला ‘गोल’. हे दोन बाजूला काढणाऱ्या मुलाला आकार नीट कळलेत.

शेवटच्या पानावर गोल दारासमोर चेंडू काढलाय, तो खटकतो, कारण चेंडू दारासारखा सपाट गोल नसतो. गोलासाठी बांगडी किंवा डब्याचं झाकण दाखवा. चेंडू दाखवायचाच असेल तर उन्हात धरून जमिनीवरची सावली दाखवा. उन्हाळ्यात दुपारी बारा-एकच्या सुमाराला ती जवळजवळ गोल पडते, सकाळी-संध्याकाळी लांबट होते.

बांधणी ठीक आहे. खिडक्यांचे कोपरे आधी उसवतात, तिथे पहिल्याच दिवशी पारदर्शक चिकटपट्टी दुमडून लावा. पाण्याने धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. कोकणात पावसाळ्यात पानं फुगतात आणि बुरशी धरतात, म्हणून पानांमध्ये वर्तमानपत्र घालून पुस्तक उभं ठेवावं.