कार्बन पकडला तर ५७ टक्क्यांतले किती उरतात?

गॅसवरच्या वीजकेंद्राच्या धुरातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडायला वीज जाते, म्हणून केंद्राची कार्यक्षमता, म्हणजे गॅसमधल्या ऊर्जेचा विजेत येणारा हिस्सा, घटते. पुरवठादारांनी दिलेल्या कार्यक्षमता शेजारी शेजारी मांडण्याआधी बघा, आकडा एनसीव्हीवर (धुरातल्या वाफेची उष्णता सोडून धरलेली इंधनाची ऊर्जा) आहे की जीसीव्हीवर (ती उष्णता धरून). आपल्याकडे हीट रेट (एका युनिट विजेला लागणारी उष्णता) जीसीव्हीवर धरतात, टर्बाइनवाले एनसीव्हीवर बोलतात. एनसीव्हीवरचे ५७ टक्के जीसीव्हीवर साडेएक्कावन्नच्या आसपास येतात. सीओटू दाबून पाइपात घालायची वीज धरली आहे का, हेही विचारा. खालचे आकडे एनसीव्हीवर आणि ती वीज धरून आहेत.

कम्बाइन्ड सायकलमागे अमाइन

अमाइन हे सीओटू शोषणारं रसायन. अ‍ॅब्सॉर्बर या मनोऱ्यात त्याचं द्रावण धुरातला सीओटू शोषतं, मग स्ट्रिपरमध्ये रीबॉयलर ते तापवून सीओटू सोडवतो. ४०० मेगावॉटचा, ५७ टक्क्यांचा कम्बाइन्ड सायकल संच (गॅस टर्बाइन, आणि त्याच्या गरम धुरावर केलेल्या वाफेचं टर्बाइन) घ्या. तो तासाला साधारण १४२ टन सीओटू सोडतो. ९० टक्के पकडायचा म्हणजे १२८ टन. बऱ्यापैकी नव्या अमाइनला टनामागे ३ गिगाज्यूल उष्णता लागते (एमईए या साध्या अमाइनच्या ३० टक्के द्रावणाला साडेतीनच्या वर), म्हणजे रीबॉयलरला १०७ मेगावॉट उष्णता. ती एलपी (कमी दाबाच्या वाफेच्या) टर्बाइनच्या तोंडाशी वाफ काढून द्यायची. तासाला पावणेदोनशे टन, एलपीच्या जवळजवळ निम्मी! तेवढ्यात २५ मेगावॉट वीज जाते. काँप्रेसर १३, ब्लोअर ६ ते ७, पंप वगैरे ३. एकूण ४८. हाती उरतात ३५२ मेगावॉट आणि जेमतेम ५० टक्के.

टक्क्यांचे सात पॉइंट जातात, त्यातले निम्म्याहून जास्त रीबॉयलरच्या वाफेत. धूर पातळ असल्यामुळे काम आणखी अवघड होतं. कोळशाच्या धुरात सीओटू १२ ते १४ टक्के असतो, गॅस टर्बाइनच्या धुरात चारच. उलट ऑक्सिजन बारा टक्के, आणि तोच अमाइन कुजवतो. मग न तुटणारे क्षार साठतात, द्रावण फेसाळतं, गंज धरतो. रीक्लेमर (खराब झालेलं अमाइन साफ करणारं यंत्र) कोटेशनमधून वगळून स्वस्ताई दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. रीबॉयलर १२० अंशांवर चढवला की अमाइन उष्णतेनेही मोडतं.

मुंबईत आणखी एक पंचाईत आहे. मे महिन्यात समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं आणि सीओटूचा क्रांतिक बिंदू (ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही) ३१ अंशांवर. थंड समुद्राच्या देशांत ६०-७० बारला सीओटू द्रव करून पंपाने पुढे ढकलता येतो. इथे कूलरमधून तो ३६-३८ अंशांनी बाहेर पडतो, द्रव होत नाही, त्यामुळे काँप्रेसरलाच जास्त राबावं लागतं. धूरही ४० अंशांवर आणायला कूलर मोठा लागतो, आणि ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी जागा मोजकी. शिवाय वस्ती जवळ, म्हणून अ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्यावरच्या वॉटर वॉशमध्ये (धुराबरोबर निघणारं अमाइन पाण्याने धुऊन काढणारा भाग) काटकसर नको.

तंत्र मात्र नवखं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या बेलिंगहॅमला १९९१ ते २००५ गॅस टर्बाइनच्या धुरातून अमाइननेच सीओटू काढला जात होता.

धूर फिरवून पुन्हा टर्बाइनमध्ये

तिसरा हिस्सा धूर थंड करून काँप्रेसरच्या तोंडाशी आणला की सीओटू साडेसहा टक्क्यांपर्यंत चढतो आणि अ‍ॅब्सॉर्बरकडे जाणारा धूर घटतो. वीज फार वाचत नाही, अर्धा ते एक पॉइंट. वाचतं ते अ‍ॅब्सॉर्बरचं पोलाद. पण ज्योतीला मिळणारा ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर येतो, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढतो. फिरवलेला धूर ४० अंशांचा असेल तर टर्बाइनची ताकद तिथेच घटते. टर्बाइन बनवणाऱ्याची लेखी परवानगी नसेल तर हा पर्याय बाद.

अ‍ॅलम चक्र

शुद्ध ऑक्सिजनमध्ये गॅस जाळायचा आणि सीओटूनेच टर्बाइन फिरवायचं, ३०० बारवरून ३० बारवर. सीओटू आयता हाती येतो. दावा ५९ टक्क्यांचा आहे. एक टन मिथेनला चार टन ऑक्सिजन लागतो, आणि हवेतून तो वेगळा काढायची वीज चक्राच्याच पोटातून जाते. टेक्सासमधल्या ला पोर्टेचा चाचणी प्लांट २०२१मध्ये ग्रिडला जोडला गेला. पण तो ५० मेगावॉट औष्णिक क्षमतेचा. कोमट पाण्याचा फटका इथे सर्वात जास्त, कारण सगळं चक्र थंड, घट्ट सीओटू पंप करण्यावर उभं आहे. जुन्या संचाला हे जोडता येतच नाही.

उरण (६७२ मेगावॉट) किंवा ट्रॉम्बेचा १८० मेगावॉटचा गॅस संच यांच्यासारख्या चालू केंद्रासाठी अमाइनच. मात्र पकडायला जाणारी वीज जळणाऱ्या गॅसवर ठरते, म्हणून जुन्या संचाचेही साधारण सातच पॉइंट जातात. ५७ मधून सात म्हणजे आठवा हिस्सा, ४५ मधून सात म्हणजे सहाव्याच्या जवळ. संध्याकाळपुरता चालणारा संच असेल तर स्ट्रिपर तापेपर्यंतचा सीओटू हवेतच जातो. हमी लिहून घेताना समुद्राचं पाणी ३० अंश, हवा ३३ अंश आणि लोड ६० टक्के असं घाला. १५ अंशांवरची हमी इथे वापरायला मिळणार नाही.