मीटर १२.९ दाखवत होतं

माझी पिकअप २०११ ची बोलेरो. ओतूर-नारायणगाव पट्ट्यातून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरायच्या, रात्री माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशी मार्केटला लागायचं, असं गेली बरीच वर्षं चाललंय. टोमॅटोचे क्रेट एक दिवस मागे-पुढे झाले तर भावात मार बसतो, पण मेथी उशिरा पोचली तर ती टाकूनच द्यावी लागते. हे आधी सांगतो, कारण "एका बॅटरीचं एवढं काय घेऊन बसलास" असं आमच्या घरातसुद्धा बोलून झालंय.

२०२३ च्या जानेवारीत सेल्फ जड जायला लागला. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन एकदा कण्हायचं, दोनदा कण्हायचं, मग कसंबसं पकडायचं. डिझेल गाडीला प्लगची ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की तिच्याच गरमीनं डिझेल पेटतं, आणि हा दाब पेट्रोलच्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे सेल्फ जोरात फिरला नाही तर डिझेल पेटतच नाही. त्यात जुन्नरची थंडी. ऑइल घट्ट झालेलं आणि बॅटरीचा जोरही उतरलेला. बॅटरीला चार वर्षं होऊन गेली होती. मी म्हटलं, झालं, हिचे दिवस भरले. इथे पहिली चूक केली, पण ती मला फार उशिरा कळली.

कंपनीच्या डीलरकडे विचारलं तर ८० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) बॅटरीला आठ हजाराच्या वर सांगितले. परतताना हायवेलगत एका दुकानात थांबलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, असं दुकान काही एकच नाही. शेठ एकदम मऊ. "या दादा, चहा घ्या आधी." नामांकित कंपनीचा स्टिकर लावलेली बॅटरी समोर आणून ठेवली. जुनी देऊन ५,४०० रुपये.

"शेठ, स्वस्त कशी?"

"बिल केलं तर २८ टक्के जीएसटी भरायचा, दादा. कशाला सरकारला देता? वॉरंटी कार्ड देतो ना मी."

(तेव्हा दर २८ होता. सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, पण वाक्य अजून तेच असणार.)

मी काही अगदीच भोळा नाही. गाडीत माझं मल्टिमीटर असतं. शेठसमोरच टर्मिनलला लावलं, तर १२.९ व्होल्ट. पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरी निवांत असताना १२.६-१२.७ दाखवते हे मला माहीत होतं, म्हणजे ही तर त्याहून ताजी! खूश झालो. खरं म्हणजे त्याच आकड्यावर माझ्या पोटात गोळा यायला हवा होता.

आणखी दोन गोष्टी तिथेच डोळ्यांसमोर होत्या. बॅटरीवर ९५डी२६आर लिहिलेलं होतं. शेठ म्हणाला, "तुमची ८०ची होती, ही ९५ची आहे, वरचीच दिली तुम्हाला." मी मान डोलावली. हा जपानी पद्धतीचा कोड असतो आणि त्यातला ९५ म्हणजे एएच नव्हे. तो ताकदीचा एक दर्जा असतो. पुढचा डी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २६ म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगतं. या मापाची बॅटरी साधारण ६५ एएचची असते. माझी जुनी होती ती ३१ सेंटिमीटरवाली. म्हणूनच नवी ट्रेमध्ये ठेवल्यावर चार-साडेचार सेंटिमीटर फट उरली. पोऱ्यानं तिथे जुन्या टायरचा तुकडा ठोकून दिला आणि मी त्याला वर वीस रुपये चहाला दिले.

दुसरी गोष्ट टर्मिनलची. खांब चांदीसारखे चकचकीत होते, आणि लग, म्हणजे वायरच्या टोकाची खांबावर आवळायची पकड, घट्ट बसेना. पोऱ्यानं पत्र्याची बारीक पट्टी खांबाला गुंडाळली नि वरून लग आवळला. नवी बॅटरी अशी नसते. तिचे खांब एकसारखे, मंद राखाडी, कोरे असतात. चकचकीत खांब म्हणजे जुने आवळल्याचे ओरखडे कानशीनं घासून काढलेले. घासून घासून खांब बारीक होतो, आणि म्हणून लग ढिला पडतो.

तीन आठवडे गाडी चालली. रोज पहिल्या किल्लीला. मी दोघा-तिघांना त्या दुकानाचा पत्ताही दिला, त्याची लाज अजून वाटते.

मग एका रात्री घाट उतरून टोकावड्याच्या पुढे चहाला थांबलो. पंधरा मिनिटं गाडी बंद. किल्ली फिरवली तर नुसती टक-टक. मागे मेथी, वर ताडपत्री, रात्रीचा दीड. भरलेली पिकअप ढकलणं दोघांचं काम नाही. शेवटी कल्याणकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं जम्पर लावून, म्हणजे त्याच्या बॅटरीची वीज वायरीनं माझ्या बॅटरीला देऊन, मदत केली. गाडी सुरू झाली, पण मुरबाड यायच्या आत केबिनमध्ये सडक्या अंड्यासारखा वास. काच खाली करून तसाच हाकत राहिलो, कारण बंद केली तर पुन्हा कोण उठवणार? पुढे कळलं की तो वास बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळल्याचा होता. अशा वेळी तिच्यातून हायड्रोजनही निघतो. तेव्हा बॉनेट उघडून बिडी पेटवली असती तर हे लिहायला मी राहिलो असतो की नाही कोण जाणे. वाशीला पोचलो तोवर पहिला बाजार होऊन गेला होता. माल मिळेल त्या भावात दिला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे वायरमन मामा आले. पस्तीस वर्षं डायनॅमो आणि सेल्फ खोलणारा माणूस. त्यांनी आधी व्होल्ट बघितले, १०.६. "एक सेल बसलाय," म्हणाले, न खोलताच. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडं वर. एक गेला की बेरीज साडेदहाच्या आसपास येते. मग झाकणं काढून हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, घातला. पाच सेलमध्ये १.२८ च्या आसपास, तिसऱ्यात १.१३. आणि तिसऱ्यातून जे ॲसिड नळीत वर आलं ते काळपट, चहाच्या गाळासारखं. प्लेटांवरचा मसाला गळून तळाशी साचला होता आणि त्यानंच तो सेल शॉर्ट झाला होता. सहा सेलचं चार्जिंग पाचांवर पडत राहिलं, म्हणून रात्री ती उकळली.

"पण मामा, मी स्वतः १२.९ बघितले होते."

मामा हसले. "व्होल्ट ॲसिडनं येतात रे, प्लेटांनी नाही."

आता हा धंदा कसा चालतो ते नीट सांगतो, कारण माझं मीटर इथेच फसलं. भंगारातून डबा घ्यायचा. आतलं जुनं ॲसिड ओतून टाकायचं आणि नेहमीपेक्षा कडक ॲसिड भरायचं. एका सेलचा निवांत व्होल्टेज हा ढोबळमानानं ॲसिडच्या घनतेत ०.८४ मिळवून येतो. १.२८ असेल तर २.१२, सहा सेलचे मिळून १२.७. घनता १.३१ केली की झाले १२.९. प्लेटा कुजलेल्या असोत की निम्म्या गळलेल्या, निवांत पडलेल्या बॅटरीवर मीटर सुंदरच दिसणार. त्यात चार्जरवरून नुकतीच उतरवलेली असेल तर आकडा आणखी वर. वर हे कडक ॲसिड उरलेल्या प्लेटाही खात सुटतं. म्हणजे १२.७ ठीक, १२.९ म्हणजे प्रश्न विचारायचा. खरी परीक्षा सेल्फ मारताना. एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं मीटर बघायचं. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर, असं मामा धरतात. पण ही परीक्षा दुकानात गाडीला लावून, पैसे द्यायच्या आधी करायची.

मग आम्ही ती आमच्या भाजीच्या काट्यावर ठेवली. चौदा किलोसुद्धा भरली नाही. एवढ्या मापाची धड बॅटरी सोळा-सतराच्या घरात जाते. शिसंच आत नाही तर वजन येणार कुठून!

बाजूचा स्टिकर कोपऱ्यातून सुटला होता. मामांनी नखानं सोलला. खाली पांढरा ऑइलपेंट. घाटात, ढाब्यावर बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून आम्ही सगळेच त्यावर गाडीचा नंबर रंगवतो. तसाच कुणीतरी रंगवला होता. 'एमएच १२' स्पष्ट वाचता आलं, पुढचं घासलेलं. आणि झाकणावर जिथे कंपनी तारखेचा कोड उमटवते तिथलं प्लॅस्टिक तापवून सपाट केलेलं. हाताला कळत होतं.

दुकानात गेलो. चहा नाही आला या वेळी. "दादा, ही माझी नव्हेच. बिल दाखवा." माझ्याकडे कार्ड, त्यावर शिक्का पुसट आणि सिरियल नंबरचा रकाना कोरा. "नंतर ऑनलाइन चढवतो" म्हणाला होता. पैसे रोख दिलेले. यूपीआयनं दिले असते तर निदान कुठेतरी नोंद राहिली असती. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि १९१५ वर फोन करून तक्रार करता येते, हे मला नंतर समजलं. पण मीच तर "बिल नको" म्हणून २८ टक्के वाचवले होते. कुठल्या तोंडानं भांडणार?

दुसऱ्यांदा डीलरकडून घेतली. ३१ सेंटिमीटरवाली. काट्यावर वीस किलोच्या पुढे गेली. सिरियल नंबर त्यांनी माझ्या देखत स्कॅन केला, तोच बिलावर छापला, मोबाइलवर मेसेज आला. तारखेचा कोड बघितला, जेमतेम दोन महिन्यांचा. वॉरंटी विचारून घ्या मात्र, माल वाहणाऱ्या गाडीला घरच्या कारपेक्षा कमी महिने मिळू शकतात, आणि त्यातले किती महिने फुकट बदलून देतात आणि किती महिने नुसती प्रो-रेटा (उरलेल्या महिन्यांच्या हिशोबानं) सूट, हे वेगळं असतं. त्या चौदा किलोच्या डब्याचे त्यांनी वजनावर पैसे धरले आणि बिलात वजा केले. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलरकडे पोचवायचं काम उत्पादकांवर टाकलंय, त्यामुळे डीलरला दिली की ती पुन्हा स्टिकर लावून येत नाही, एवढं तरी समाधान.

नवी बसवताना मामा म्हणाले, थांब जरा. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या अंगाला, आणि मला सेल्फ मारायला लावला. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं, आलं दीड. इंजिनकडे जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली पांढरी-हिरवी होऊन कुजली होती. दीडशे रुपयांची पट्टी बदलली आणि सेल्फ असा फिरला की जानेवारीच्या आधीसुद्धा कधी फिरला नव्हता.

म्हणजे माझी जुनी ८०ची कदाचित ठीकच होती. ती मी शेठला देऊन आलो, वर ५,४०० मोजून. तिच्यावर मी पांढऱ्या ऑइलपेंटनं माझ्या गाडीचा नंबर टाकला होता. आता कुठल्या स्टिकरखाली आहे कोण जाणे.