केसपेपर की ओपीडी: एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पहिला प्रोजेक्ट कोणता द्यावा?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचे, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन योजनेचे, अर्ज सुरू झाले की सेकंड एमबीबीएसची दोन-तीन मुलं आमच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागाच्या दारात येऊन उभी राहतात. "सर, गाईड व्हाल का?" एका गाईडला एकच विद्यार्थी घेता येतो, त्यामुळे बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं. ज्याला हो म्हणतो त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, रेकॉर्डवर करू की पेशंट घेऊ?" नव्याने रुजू झालेले सहकारीही हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे. दोन्ही प्रकारचे प्रोजेक्ट मी करून घेतले आहेत. गेली काही वर्षं मात्र पहिल्या प्रोजेक्टसाठी मी एकाच बाजूला झुकतो.

ही योजना १९७९ पासून चालू आहे आणि तिचा गाभा आहे दोन महिन्यांचं काम. लेक्चर, वॉर्ड पोस्टिंग, टर्मिनल परीक्षा सांभाळून हे दोन महिने काढायचे असतात. वेळेच्या हिशेबात रेकॉर्डचं काम सरळ पुढे आहे. एमआरडीतून (रुग्णालयाच्या नोंदी विभागातून) आयपीडी नंबरांची, म्हणजे दाखल रुग्णांच्या नंबरांची, यादी काढायची, दुपारच्या वेळात बसून केसपेपर उघडायचे, प्रोफॉर्मा (माहितीचा छापील फॉर्म) भरायचा. एथिक्स कमिटीची मंजुरी दोन्हीकडे लागतेच, पण नाव-गाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी वैयक्तिक संमती माफ करण्याची मुभा आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कमिटीला दिलेली आहे. त्यामुळे कागद बहुधा लवकर हलतो. रुग्ण नकार देत नाही, ओपीडी बंद पडत नाही, पाऊस आडवा येत नाही. गाईडचा वेळही कमी जातो, आणि तीन लेक्चर घेऊन व्हायवा घेणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. इलेक्टिव्हच्या (विषय निवडून करायच्या पोस्टिंगच्या) मोजक्या दिवसांत काही करून घ्यायचं असेल, तर रेकॉर्डशिवाय दुसरं काही सुचवणं अवघडच.

शिकायला मिळत नाही असंही नाही. व्याख्या आधी ठरवणं, कोडिंग, मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांची माहिती एकत्र असलेला तक्ता), टेबल मांडणं हे सगळं त्यात येतं. एक गोष्ट तेवढी बघून घ्या. आंतररुग्णांची कागदपत्रं किमान ३ वर्षं जपावीत असा डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमावलीत दंडक आहे. त्यामुळे शीर्षकात "पाच वर्षांचा आढावा" लिहिण्याआधी विद्यार्थ्याला घेऊन एमआरडीत जा आणि गठ्ठे खरोखर आहेत का ते डोळ्यांनी पाहा.

माझं मन फिरलं ते कोऱ्या रकान्यामुळे.

आधीच्या एका कॉलेजात असताना माझ्या विद्यार्थिनीने हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या रुग्णांचे जोखीम घटक केसपेपरवरून काढले होते. मुलगी मेहनती, अक्षर सुरेख, मास्टर चार्टमध्ये एकही घर रिकामं नाही. मला तेच खटकलं. इतका भरलेला चार्ट मी तोवर पाहिला नव्हता. तंबाखूच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "नाही" होतं. पुरुष, पन्नाशीच्या पुढचे, आमच्याच भागातले, आणि तंबाखू नाही? मी एक केसपेपर मागवला. हिस्ट्रीच्या पानावर व्यसनाची ओळ कोरी होती. रात्री दोन वाजता घाईत दाखल केलेला पेशंट, रेसिडेंटने छातीतल्या दुखण्याचं लिहिलं आणि पुढे ईसीजीकडे धावला, त्यात त्याची काही चूक नाही. मी पानं उलटत गेलो. नर्सिंगच्या नोंदींत सिस्टरच्या अक्षरात एक ओळ सापडली: "रुग्णाच्या खिशातील तंबाखूची पुडी नातेवाइकांकडे दिली."

आमच्या चार्टमध्ये याच माणसापुढे "नाही" लिहिलेलं होतं.

तिने फसवलं नव्हतं. "सर, लिहिलं नाही म्हणजे नसेल असं धरलं," ती म्हणाली. खरी अडचण हीच आहे. कागद उलटून बोलत नाही, आणि पहिल्यांदाच प्रोजेक्ट करणाऱ्या मुलाला "नोंद नाही" आणि "नाही" यांतला फरक कळण्याआधी हात चालतो. उत्तरासाठी १ हो, २ नाही आणि ९ नोंद नाही असे तीन कोड ठेवले की चूक बरीच टळते. दर दहाव्या केसपेपरचा फॉर्म दुसऱ्याने पहिली उत्तरं न बघता पुन्हा भरला की आणखी टळते. पण मग ९ चे आकडे इतके वाढतात की मूळ प्रश्नाचं उत्तर हातात येत नाही. तेव्हा आम्ही तो रकाना रिपोर्टमधून काढून टाकला. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण हृदयविकाराच्या जोखीम घटकांच्या अभ्यासात तंबाखूच नाही, हे काही मनातून जात नाही.

पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला मी ओपीडीत पाठवलं. विषय रक्तदाबाचा, पण तंबाखूचा प्रश्न त्यातही होता. पायलटमध्ये (चाचणीच्या पहिल्या फेरीत) दहा रुग्ण घ्यायचे ठरले आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. साठीच्या एक आजी आल्या. त्याने छापलेला प्रश्न वाचला, "तुम्ही तंबाखू खाता का?" आजी म्हणाल्या, "नाय बाबा, आपल्याला नाय त्याची सवय." त्याने "नाही"वर खूण केली. आजींच्या हिरड्यांवरचा काळपट थर मला दिसत होता, पण मी गप्प राहिलो. पुढचा प्रश्न दातांबद्दल नव्हता, तरी त्याने सहज विचारलं, "आजी, दात कशाने घासता?" "मिसरीनं. सकाळी एकदा, सांजच्याला एकदा, आन् डोकं दुखलं की मधी." पोराने पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी त्याने न सांगता प्रोफॉर्मा बदलला. एका प्रश्नाचे पाच झाले: तंबाखू चघळणं, मिसरी, गुटखा, विडी-सिगारेट, तपकीर. प्रश्नावलीची वैधता यावर मी तासभर लेक्चर घेतो, मुलं वहीत उतरवूनही घेतात. त्या स्टुलावर तेच पाच मिनिटांत पोचलं.

संमतीपत्राचंही तसंच. त्याने आधी लिहिलं होतं, "सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही." पहिल्याच काकांनी विचारलं, सही केली तर ऑपरेशन करणार का? मग माहितीपत्रक बोलीत आलं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसमोर ते मोठ्याने वाचायचं, अंगठ्याच्या ठशाबरोबर कामाशी संबंध नसलेला साक्षीदार घ्यायचा, हेही तिथेच समजलं. आजकाल अभ्यासक्रमातच मुलांना काही कुटुंबं दत्तक दिली जातात; या फॅमिली अ‍ॅडॉप्शनमुळे मुलं घरोघरी जातातच, त्यामुळे बोलण्याची भीती पूर्वीपेक्षा कमी झालेली आहे.

ओपीडीच्या बाजूने इतकं बोलल्यावर तिचे त्रासही सांगायला हवेत. एका मुलाखतीला वीस मिनिटं लागतात. ओपीडीत गर्दी असली की रुग्णाला आधीच तासभर रांग झालेली असते, आणि त्याला आणखी बसवणं आपल्यालाच बरं वाटत नाही. काही जण नकार देतात आणि तो त्यांचा हक्क आहे. दिवसाला तीन-चारच्या वर मुलाखती होत नाहीत. म्हणून नमुन्याचा आकडा आधीच जमिनीवर आणा. प्रमाण निम्मं धरून पाच टक्क्यांची चूक चालवायची म्हटली तर ४पीक्यू भागिले एल-वर्ग (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक) या सूत्राने ४०० रुग्ण लागतात, जे दोन महिन्यांत एकट्या विद्यार्थ्याकडून होणार नाही. दहा टक्के चालवली तर १०० पुरतात. ओपीडीच्या दिवसांत ते बसतात, थोडे दिवस हाती उरतात. मुलं पाच टक्क्यांचा हट्ट धरतात कारण सिनियरच्या थिसिसमध्ये तसं असतं. तिथे गाईडने नाही म्हणावं.

आणि गाईडला वेळ द्यावा लागतो. पहिल्या दहा मुलाखतींना शेजारी बसणार नसाल, तर माझ्या मते रेकॉर्डचाच प्रोजेक्ट घ्या. देखरेखीशिवाय घेतलेली मुलाखत कोऱ्या रकान्यापेक्षा बरी असेलच असं नाही. हॉस्टेलच्या खोलीत बसून भरलेले फॉर्म मी पाहिले आहेत.

काही विषय तर रेकॉर्डचेच. सर्पदंशाचे किंवा विषबाधेचे पुरेसे रुग्ण दोन महिन्यांत समोर येतील याचा भरवसा नाही. शिवाय जी नोंदवही मोजण्यासाठीच बनवलेली असते ती वेगळी. प्रसूती कक्षाच्या रजिस्टरमध्ये बाळाचं वजन सहसा चुकत नाही. क्षयरोग कार्यक्रमातल्या नोंदी २०१२ पासून निक्षय या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर आहेत आणि त्यातले रकाने ठरलेले आहेत. अशा ठिकाणी माझा आक्षेप बराचसा गळून पडतो. आक्षेप आहे तो उपचारासाठी घाईत लिहिलेल्या कागदाला संशोधनाचा प्रश्न विचारण्यावर.

तुमच्या विद्यार्थ्याची परीक्षा तोंडावर असेल, विभागात माणसं कमी असतील, तर एमआरडीचा रस्ता निवडण्यात काही गैर नाही. जरा सवड असेल तर त्याला शंभर माणसांशी बोलू द्या. मी आता त्यात एक छोटी भर घालतो. मुलाखत संपली की रुग्णाची परवानगी घेऊन त्याचाच केसपेपर उघडायचा आणि तंबाखूची ओळ बघायची. तोंडी उत्तर एका रकान्यात, कागदावरचं शेजारच्या रकान्यात. यंदाच्या मुलीने परवापर्यंत चौदा रुग्ण केले आहेत. शेजारचा रकाना तिने नऊ ठिकाणी ९ ने भरला आहे, आणि त्यातल्या सहा जणांनी तिला तोंडी "हो" सांगितलेलं आहे.